त्याच झुडपाचा अडुळसा माघात पास, भाद्रपदात नापास. असं कसं?

बांधावरची_अडुळसेवाली (अंबाजोगाई)

राम राम मंडळी. अंबाजोगाईच्या अलीकडं बालाघाटाच्या उताराला आमचं गाव. सासऱ्यांनी कधीकाळी चार एकराच्या बांधाला अडुळसा लावून ठेवलाय. शेळी त्याला तोंड लावत नाही अन् फांदी खोचली की जगते, एवढ्याच हिशोबानं लावलेला. तीन वर्षं झाली, मी अन् गल्लीतल्या चौघीजणी तोच पाला वाळवून एका औषधाच्या कारखान्याला देतोत.

आतापर्यंत आम्ही येळवस (वेळ अमावस्या) झाली की पौष-माघात तोडायचो. औंदा पहिल्यांदा भाद्रपदात तोडला. सोयाबीनची खुरपणी सरलेली, काढणीला अजून वेळ, त्या महिन्यात बायांच्या हाताला काही कामच नसतं. म्हटलं, पाला तर माजलाय, तोडू. १४० किलो वाळला माल पाठवला अन् अख्खा परत आला. गाडीभाडं आमच्याच माथी.

दोन्ही रिपोर्ट समोर घेऊन बसलेय. माघाचा लॉट: ओलावा ८ टक्के, व्हॅसिसिन (म्हणजे पानातलं औषधी द्रव्य) ०.८० टक्के, पास. भाद्रपदाचा लॉट: ओलावा १६ टक्के, व्हॅसिसिन ०.६२ टक्के, नापास. त्यांची अट अशी की ओलावा १० च्या आत पाहिजे अन् व्हॅसिसिन ०.७० च्या वर.

झुडपं तीच, हात तेच. फोनवर त्यांचा माणूस म्हणला, "सीझनचा फरक आहे ताई, त्याला इलाज नाही." सासूबाई म्हणतात, पावसाळ्यातला पाला म्हणजे निस्तं पाणी. मला एवढंच विचारायचंय की पावसाळ्यात पानातलं औषध खरंच कमी होतं का? का आमचंच काही चुकायलंय? वाळवणीचं सांगायचं तर माघात ओसरीवर तिसऱ्या दिवशी पाला कुरकुरीत होतो. यंदा टिनाच्या शेडात पोत्यांवर पसरला, वर पंखा लावला, तरी आठ दिवस लागले. काही पानं काळपट पडली. पुढच्या साली भाद्रपदात तोडावं का नाही, कळंना गेलंय.

तराजू_आणि_टिपकागद (नांदेड)

ताई, ज्ञान नंतर सांगतो. आधी तुमच्या रिपोर्टचा भागाकार करू.

मी प्राध्यापक नाही. नांदेडला एका कॉलेजात एकतीस वर्षं लॅब असिस्टंट होतो. शिकवायचं काम सरांचं, वजनं करायचं माझं. त्यामुळं पानात काय काय असतं यापेक्षा पान मोजताना माणूस कुठं फसतो, ते मला जास्त पाठ आहे.

तुमच्या भाद्रपदाच्या मालात शंभर किलोमागं १६ किलो पाणी होतं. म्हणजे पान ८४ किलोच. व्हॅसिसिन असतं ते त्या ८४ किलोत, पाण्यात नाही. म्हणून ०.६२ ला ०.८४ नं भागा. ०.७४ आलं. माघाच्या ०.८० ला ०.९२ नं भागा. ०.८७ आलं. रिपोर्टावर दोन लॉटमध्ये ०.१८ चा फरक दिसत होता, तो ०.१३ वर आला. जवळजवळ पाव फरक नुसत्या पाण्यानं खाल्लेला होता. अन् गंमत बघा, कोरड्या वजनावर धरलं तर तुमचा नापास माल ०.७० च्या वरच आहे! म्हणून पहिलं काम हे करा: कारखान्याला विचारा की त्यांची ०.७० ची अट जशा आल्या मालावर आहे की कोरड्या वजनावर. रिपोर्टात कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ओलाव्याला माल पडला तो पडलाच, त्यात वाद नाही. पण "पानात औषधच नाही" हा शिक्का त्यावर बसायला नको.

आता उरलेले ०.१३. यातलं सगळंच्या सगळं ऋतूच्या खात्यावर टाकायला माझं मन घेत नाही.

तुम्ही तोडता काय, ते आधी सांगा. माघात झुडपावर जून, पूर्ण वाढलेली पानं असतात. भाद्रपदात शेंड्याला हातभर लुसलुशीत फूट येते अन् विळा तिथंच आधी जातो, कारण तिथं भरभर होतं. त्या फुटीबरोबर कोवळ्या हिरव्या काड्याही येतात. अडुळशाच्या काडीत पानापेक्षा व्हॅसिसिन कमी असतं. माघातली काडी लाकडासारखी असते, हाताला लागते, बाई ती आपसूक बाजूला टाकते. पावसाळ्यातली काडी वाळली की देठासारखी दिसते अन् मालात जाते. परत आलेल्या मालातलं एक किलो घ्या, चाळा, काड्या वेगळ्या करून त्यांचं वजन करा. किती निघतात ते इथं लिहा, मला खरंच बघायचंय.

दुसरं, ते आठ दिवस. तोडलेलं पान लगेच मरत नसतं. त्यात पाणी आहे तोवर आतली विकरं काम करत राहतात. वांग्याची फोड चिरून ठेवली की काळी पडते ना, तोच प्रकार तुमच्या काळपट पानांत झाला. शिवाय व्हॅसिसिनला हवा लागली की त्यातलं काही व्हॅसिसिनोनमध्ये बदलतं. हाही अडुळशातलाच घटक, पण रिपोर्टात फक्त व्हॅसिसिनचा रकाना असेल तर तेवढा आकडा उतरलेला दिसणार. तीन दिवसांत वाळलेल्या अन् आठ दिवस कुजत-वाळत पडलेल्या पानांची तुलना करून "ऋतूचा फरक" म्हणणं हे बरोबर नाही. तो शेडचा फरक आहे.

यावरून आमच्याकडचा एक प्रताप सांगतो. एम.एस्सी.च्या एका मुलानं तुळशीवर प्रकल्प घेतला, विषय हाच, ऋतूनुसार पानातले बदल. उन्हाळ्यातली पानं त्यानं गच्चीवर सावलीला वाळवली. पावसाळ्यात वाळेनात म्हणून ओव्हनमध्ये टाकली, तीही ७० अंशावर. अर्ध्या तासात पार कॉरिडॉरपर्यंत तुळशीचा घमघमाट. पोरं म्हणाली, काय मस्त वास सुटलाय. मी म्हटलं, अरे बाबा, तुला जे मोजायचं होतं तेच चाललंय खिडकीतून बाहेर! तुळशीच्या तेलातलं युजेनॉल उडून जाणारं. पावसाळ्याचा आकडा कमी आला अन् प्रबंधात निष्कर्ष छापला गेला की पावसाळ्यात तुळशीचं तेल घटतं. त्या पोराला आता चांगली नोकरी आहे, जाऊ द्या.

दुसरा एक नेहमीचा घोळ निळ्या रंगाचा. एकूण फिनॉल, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं, मोजायला फोलिन-सिओकॅल्टू नावाचं द्रावण घालतात, निळा रंग येतो, तो ७६५ नॅनोमीटरला मोजतात अन् गॅलिक आम्लाच्या हिशोबात आकडा लिहितात. पण ते द्रावण फक्त फिनॉलवर निळं होत नाही, क जीवनसत्त्वावरही होतं. म्हणजे आकडा वाढला तर नेमकं काय वाढलं, ते एकट्या या चाचणीनं सांगता येत नाही. अन् एकाच झाडाची, एकाच वर्षाची पानं घेऊन तीन ऋतूंचे तीन खांब काढलेले तर मी कितीतरी प्रबंधांत पाहिलेत. आपल्या मराठवाड्यात एका वर्षाचा पावसाळा दुसऱ्या वर्षासारखा असतो का कधी? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्या आधीच्या पावसाळ्यात तोडलेलं पानही कागदावर "पावसाळी नमुना"च.

मग ऋतूचा परिणाम होतच नाही का? होतो, चांगला होतो. पण ऋतू पानात शिरतो तो ऊन, पाणी अन् वाढ या तीन दारांनी. कडक ऊन लागलं, विशेषतः त्यातलं अतिनील, की पान आपल्या बचावासाठी फ्लेवोनॉइड वाढवतं. पाडव्याच्या सुमाराला कडुनिंबाची नवी पालवी तांबूस असते बघा, तो लाल रंग अँथोसायनिनचा, त्याच घराण्यातला. हिरवं तयार होईपर्यंत कोवळ्या पानाची ती छत्री. पाण्याचा ताण पडला की वाढ आधी थांबते, पण अन्न तयार होणं थोडं चालू राहतं, अन् ते पुष्कळदा फिनॉल, टॅनिन असल्या कडू-तुरट कामाला लागतं. उलट भरपूर पाऊस अन् खत मिळालं की झाड पानावर पानं काढतं, अन् पहिलंच द्रव्य जास्त पानांत वाटलं जातं.

मात्र यातून "उन्हाळ्यात सगळं तेज, पावसाळ्यात सगळं फिक्कं" असा नियम काढू नका. व्हॅसिसिन हे अल्कलॉइड आहे, त्याला नत्र लागतं. टॅनिनला लागत नाही. म्हणून एकाच पानात, एकाच महिन्यात एक वाढतं अन् दुसरं घटतं असंही होतं. तुळशीचं तेल फुलोऱ्याच्या सुमाराला चांगलं भरतं. अडुळसा थंडीत फुलतो. प्रत्येकाचं पंचांग वेगळं. कारखान्याला व्हॅसिसिनच का पाहिजे, तर खोकल्याच्या गोळीतलं ब्रोमहेक्सिनसुद्धा त्याचाच धागा धरून बनवलेलं आहे. त्यांना पान नको, तो रेणू पाहिजे.

एक राहिलं. उन्हाळ्यात सडकेकडेच्या बांधाचा पाला तोडू नका. धूळ इतकी बसते की माल जाळून राख मोजतात त्या चाचणीत तो पडतो, अन् मग तुम्ही म्हणाल उन्हाळाही वाईट.

गोठा_आणि_गव्हाण (भोकरदन)

मास्तरांचं पटलं, पण गुरांवाल्याची बाजू सांगतो. ऋतूनं पान बदलतं का, हा प्रश्न आम्हाला कुणी रिपोर्ट देऊन समजावला नाही. मेलेल्या गाईनं समजावला.

पावसानं ओढ दिली अन् गुडघ्याएवढी ज्वारी सुकायला लागली की आमच्याकडं जनावर त्या वावराच्या कडेनंसुद्धा नेत नाहीत. किराळ लागते. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं. चावलं, रगडलं गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ताटात अन् कापणीनंतर बुडख्यातून आलेल्या फुटव्यात ते लै वाढतं. तीच ज्वारी फुलोऱ्यात येऊ द्या, जनावर आरामात खातं. वाळवून कडबा केला तर भीती जवळजवळ जाते.

सात-आठ वर्षांमागं आमची एक गाय दावं तोडून खोडव्यात शिरली. पाच-दहा घास खाल्ले असतील. तोंडाला फेस, धाप, पाय ताणलेले. डॉक्टर सोडियम थायोसल्फेट घेऊन येईपर्यंत वीस मिनिटं गेली, खेळ खलास. शेजारच्याची म्हैस त्याच दिवशी इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून उठली.

म्हणजे मास्तर, तुम्ही म्हणता तसं कोवळ्या पानात द्रव्य कमीच, असंही नाही. झाड कोणतं अन् द्रव्य कोणतं यावर आहे.

तराजू_आणि_टिपकागद (नांदेड)

गोठेवाले, शंभर टक्के. मी कोवळ्या काडीला नावं ठेवली, कोवळ्या पानाला नाही. ज्वारीचं उदाहरण माझ्या तुळशीपेक्षा चांगलं आहे. गाईचं वाचून वाईट वाटलं.

खल_बत्ता (लातूर)

वैद्यकी करतो, म्हणून दोन ओळी. चरकाच्या कल्पस्थानात फांद्या-पानं वर्षा आणि वसंत ऋतूत घ्यायला सांगितली आहेत, आणि तीही "अचिरप्ररूढ", म्हणजे नुकतीच वाढलेली. मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात. म्हणजे ग्रंथ बघितला तर ताईंनी भाद्रपदात पाला तोडला ही चूक नाहीच. सुश्रुतानं मात्र असं अंगाअंगाचं वेळापत्रक काहींचं मत म्हणून मांडून ते नाकारलंय. त्याच्या मते सौम्य (थंड) औषधं सौम्य ऋतूत आणि आग्नेय (उष्ण) औषधं आग्नेय ऋतूत घ्यावीत. हा वाद आजचा नाही, एवढंच सांगायचंय.

पण मास्तरांच्या भागाकारावरून मला आठवला तो आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर. साधारण नियम असा की औषध ओलं घ्यायचं तर वाळल्याच्या दुप्पट घ्यावं. पाण्याचं वजन त्यानं धरलंय. त्याला काही अपवाद दिलेत: गुळवेल, कुडा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा आणि आणखी काही. ही नेहमी ओलीच वापरावीत आणि दुप्पट करू नयेत. अन् मूळ श्लोकात तिसरंच नाव वासा, म्हणजे तुमचा अडुळसा! मी स्वतः अडुळशाचा रस ताज्या पानांचाच काढतो. पान थोडं वाफवून घेतलं की रस सुटतो. वाळका पाला काढ्याला ठीक. कारखान्याला वाळकाच लागतो, कारण ओला पाला लातूरहून गाडीत घातला तर उतरताना त्याचं खत झालेलं असतं.

बांधावरची_अडुळसेवाली (अंबाजोगाई)

सगळ्यांचे आभार. चार दिवस लागले, पण सांगितलं तेवढं केलं.

आधी कारखान्याला फोन. अट कोरड्या वजनावरच आहे म्हणले! पण रिपोर्ट काढणाऱ्यानं जशा आल्या मालावर आकडा लिहिला अन् पास-नापास करणाऱ्यानं तोच वाचला. मी ०.८४ चा भागाकार सांगितला तर पलीकडं बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग म्हणले, तरी ओलावा १६ आहे मॅडम. ते खरंच आहे. वाळवून परत पाठवा, पुन्हा तपासू, असं ठरलं.

पण सगळा नाही पाठवायचा. पोती उघडली तर तीन पोत्यांना कुबट वास, एकात पांढरी बुरशी. ती तिन्ही उकिरड्यावर टाकली. पन्नास किलो गेले.

मग काड्या. चांगल्या पोत्यातलं एक किलो घेऊन तांदळाच्या चाळणीनं चाळलं अन् हातानं निवडलं. १३० ग्रॅम काड्या! माघातला थोडा माल घरात काढ्यासाठी ठेवलेला होता, त्यातलं पण एक किलो निवडलं, ४० ग्रॅम निघाल्या. मास्तर, तुम्ही बसल्या जागी कसं ओळखलं?

तिसरं मी माझ्या मनानंच केलं. परवा पावसानं उघडीप दिली तशी त्याच बांधावरची एक किलो शेंड्याची फूट अन् एक किलो मधली जून पानं, दोन्ही नुसती पानंच, काडी नाही, एका दिवशी तोडून आणली. चुलीच्या वरच्या माळ्यावर वेगवेगळ्या सुपात ठेवली, तिथं धग असते पण जाळ लागत नाही. वाळल्यावर फूट भरली १७० ग्रॅम, जून पानं २३५. आम्ही बायांना तोडणी ओल्या किलोवर देतोत. म्हणजे फूट तोडली की त्यांचा हात भरभर चालतो अन् आमच्या पदरात पाणी पडतं. यात कुणाची चोरी नाही, दरच आम्ही तसा लावलेला.

आता दर वाळल्या पानावर लावायचा का, यावर काल ओसरीवर तासभर भांडण झालं. वाळणी हवेवर, मग मजुरी पण हवेवर का, असं एकीचं म्हणणं, अन् ते बी खोटं नाही. शेवटी जून पानाला किलोमागं जास्त दर अन् शेंडा तोडायचाच नाही, यावर मिटलं.

वाळला का नाही ते कसं ओळखायचं? आमच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र नाही.

तराजू_आणि_टिपकागद (नांदेड)

१३० ग्रॅम! वही असती तर लिहून ठेवलं असतं.

यंत्र नसू द्या. पान चुरगळलं तर चुरा झाला पाहिजे, हे सगळेच बघतात, पण पातं वाळलं तरी मधली शीर ओली राहते. ती शीर बोटात धरून वाकवा. कट्‌ करून मोडली तर माल भरा, नुसती वाकली तर अजून एक दिवस. सकाळी बघू नका, रात्रीचा दमटपणा पाला परत ओढून घेतो. दुपारी तीनला बघा अन् तेव्हाच पोती शिवा. पोत्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी घाला, अन् पोतं जमिनीला टेकवू नका, खाली फळ्या ठेवा.

कुबट माल टाकला ते फार बरं केलं. पुष्कळजण तो उन्हात घालून वास घालवतात अन् चांगल्यात मिसळून देतात. बुरशीचं विष उन्हानं जात नाही.

चुलीवरचा माळा उत्तम, फक्त पाल्याला धुराचा वास लागतो का तेवढं हुंगून बघा.

बांधावरची_अडुळसेवाली (अंबाजोगाई)

धुराचा वास लागायलाय थोडा. सुपं देवघराच्या वरच्या माळ्यावर हलवली.

उरलेल्यातले ८० किलो परत वाळवून, चाळून, शिरा मोडून बघून दुपारी तीनलाच पोत्यात भरले. वजन ७२ च्या जवळ उतरलं, चाळून काढलेल्या काड्या धरून. हस्ताचा पाऊस थांबला की गाडी जाईल. सासूबाई दिवसभर ऐकवायल्यात, मी म्हणलं होतं ना, निस्तं पाणी. त्यांना आता ०.८४ नं भागायचं कसं समजावू?